हत्तीची मोट, रायवळ आंबा आणि कासचे कुंपण

आमच्या नावातच बाग आहे. सातारा, कराड, मिरज, सांगली, कुठल्याही गावच्या मंडईत फळांच्या ओळीत शिरलात की दुकानाच्या पाटीवर किंवा आवाज देणाऱ्याच्या तोंडी 'बागवान' हे नाव येतेच. शासनाच्या ओबीसी यादीतही ते आहे. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत जावे लागते तेव्हा आम्ही बाग राखणाऱ्यांचे वंशज आहोत हे कागदपत्रांनिशी सिद्ध करावे लागते. मात्र गावातल्या सार्वजनिक बागेचा नवा आराखडा होतो तेव्हा आम्हाला कोणी बोलावत नाही. आम्हीही कधी आपणहून गेलो नाही, हेही कबूल केले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जुन्या बागा नव्याने आखण्याचे दिवस आले आहेत. पूर्वी त्याला सुशोभीकरण म्हणत, आता जैवविविधता उद्यान म्हणतात. शब्द सुधारला, ही चांगली गोष्ट आहे. पण नकाशा उघडला की पहिल्यांदा दिसतो तो चालण्याचा मार्ग, मग हिरवळ, मग प्रवेशद्वार. पाणी कुठून येणार आणि बाग कोण राखणार, हे शेवटच्या पानावर. आमच्या मुलखातल्या बागांचा इतिहास नेमका याच्या उलट क्रमाने घडला आहे.

आधी भाषेचे एक छोटे ऋण मान्य करू. बाग, बगीचा, बागायत, गुलाब हे शब्द फारसीतून आले. हौद, नहर आणि कलम अरबीतून. कलम म्हणजे लेखणीही आणि झाडाला बांधायचे कलमही, तिरका छेद दोन्हींना लागतो. अरबीत जन्नत या शब्दाचा मूळ अर्थच बाग असा आहे. यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. शब्द बाहेरून आले, पण त्यांना पाणी पाजले ते कृष्णेने, आणि बैल, मोट, माळी, चाफा, आंबा ही सगळी माणसे नि वस्तू इथल्याच होत्या. माळी आणि बागवान ही एकाच कामाची दोन भाषांतली नावे आहेत. पुढे माळ्याने पिकवायचे आणि बागवानाने विकायचे, अशी वाटणी झाली.

आता रहिमतपूरला जाऊ. कोरेगाव तालुक्यातले हे गाव. तिथे एक जुनी मशीद आणि एक मकबरा आहे. मकबरा रणदुल्लाखानाच्या स्मरणार्थ बांधला गेला असावा असे मानतात. विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या कारकिर्दीतला, म्हणजे सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकातला, हा नामांकित सरदार. शहाजीराजांबरोबर कर्नाटकच्या मोहिमेवर गेलेला तो हाच. पण आमचे लक्ष वेधते ती तिसरी वास्तू. 1885 साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. मशिदीच्या आग्नेयेला सुमारे शंभर यार्डांवर पन्नासेक फूट उंचीचा एक मनोरा, आणि त्याच्या पश्चिम अंगाला उतार. विहिरीवरच्या मोटेला बैलांची धाव असते तशीच ही धाव, फक्त हत्तीच्या मापाची. हत्तीच्या जोरावर पाणी उंच चढवायचे, आणि त्या उंचीचा दाब मशिदीतल्या कारंज्याला द्यायचा. वीज नाही, पंप नाही. एक जनावर, एक उतार आणि पाण्याचा स्वभाव ओळखणारा कोणी कारागीर. त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही.

रहिमतपूरची ही कहाणी सांगितली की लोक हत्तीवर खूष होतात. आम्हाला मात्र त्या उताराचा विचार पडतो. कारंज्याचे पाणी उडून संपत नाही, ते हौदात पडते, हौदातून वाहते, मातीत जाते. वजूचे पाणी आणि झाडाचे पाणी या दोन वेगळ्या योजना नसत. मोट थांबली की दोन्ही थांबणार. मनोरे दगडाचे असल्यामुळे मागे राहतात, त्यांनी जे चालवले ते राहत नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावी याचीच दुसरी बाजू दिसते. तिथली बारा मोटेची विहीर आता पर्यटकांना चांगली माहीत झाली आहे. छत्रपती शाहूंच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. खोली 110 फूट, व्यास 50 फूट, आत चक्क महाल. मोटेचे पाणी ज्यात ओतले जाते त्या दगडी कुंडीला थारोळे म्हणतात. इथे थारोळी पंधरा आहेत आणि एका वेळी बारा मोटा चालत. आता हे सगळे कशासाठी? परंपरेने सांगतात की आसपासच्या 3300 आंब्यांच्या झाडांसाठी. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी बांधकामाचा हेतू बदलत नाही. महालाचे फोटो सगळे काढतात, आमराईबद्दल विचारणारा विरळा. विहीर जपली गेली हे उत्तमच झाले, पण ती ज्या झाडांसाठी होती त्या झाडांची जागा नकाशावर दाखवणारा एखादा फलक तिथे शोभला असता.

रहिमतपूरचा मनोरा आदिलशाहीतला, लिंबची विहीर मराठेशाहीतली. दरम्यान राज्य बदलले, लढाया झाल्या, 1700 साली औरंगजेबाने सातारचा किल्ला घेऊन त्याचे नाव आझमतारा ठेवले आणि तेही पुढे मागे पडले. पाणी चढवण्याची अक्कल मात्र एका हातातून दुसऱ्या हातात तशीच गेली. इतिहासाच्या पुस्तकांत ही बदली कुठल्याच प्रकरणात बसत नाही, म्हणून ती शिकवली जात नाही.

आमराईवर आलो आहोत तर आमच्या धंद्याबद्दल थोडे सांगू. सांगली शहरातही संस्थानकाळापासूनची आमराई आहे, आणि शहराच्या मध्यावर आज ती सार्वजनिक बाग म्हणून लोकांच्या पायाखालची आहे. अशा आमरायांशी बागवानाचे नाते फिरायला जाण्याचे नव्हते. झाडाला मोहोर आला की तो पाहून सौदा व्हायचा, बाग मक्त्याने घ्यायची. मग उतरणीपर्यंत राखण. घरातली दोन माणसे झाडाखालीच झोपायची. झेल्याने आंबा काढायचा, म्हणजे देठाचा चीक फळावर येत नाही आणि फळ आपटत नाही. घरी आणून पेंढ्यात आढी घालायची, दिवसाआड उलटायची, पाड कोणता आणि नासका कोणता ते वासावरून ओळखायचे. हे रायवळ आंबे होते, कोयीपासून वाढलेले, म्हणून प्रत्येक झाड वेगळे. शेपूच्या वासाचा शेप्या, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, लहान गोल गोट्या. कोणते झाड एक वर्षाआड धरते, कोणते लोणच्याला चांगले, कोणत्याचा रस पुरणपोळीबरोबर आणि कोणत्याचा शीरखुर्म्यानंतर खायचा, ही सगळी विद्या तोंडी होती. कलमी हापूस बाजारात आला आणि रायवळाची किंमत गेली. किंमत गेली तशी नावे गेली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे सगळे एकाच जातीचे आंबे. आमच्या आजोबांच्या लेखी ती शंभर वेगळी माणसे होती.

वनस्पती उद्यान या आधुनिक कल्पनेत हे ज्ञान आलेच नाही असे नाही, पण आले ते निनावी. मुंबई इलाख्याचे पहिले सरकारी वनस्पती उद्यान पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, 1828 साली सुरू झाले आणि 1865 मध्ये बंद पडले. त्याचा सर्वांत कर्तबगार अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन. या इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही तोच. त्याने तिथल्या वनस्पतींची सुरेख चित्रे काढून घेतली, ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते, नाव नाही. त्याच सुमारास महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तिथल्या भाजीमळ्यांवर या कैद्यांचे हात राबले आणि 1864 मध्ये तुरुंग मोडला. आज आपण तिथे स्ट्रॉबेरी खातो तेव्हा कुणाला ते आठवत नाहीत. बंगळूरच्या लालबागचे थोडे बरे आहे. 1760 साली हैदरअलीने ती सुरू केली, टिपूने देशोदेशीची रोपे आणवली, 1856 मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली, आणि निदान संस्थापकांची नावे तरी तिथे पाटीवर आहेत. खड्डे खणणाऱ्यांची तिथेही नाहीत.

नव्या आराखड्यात माणसे विसरली की काय होते याचा धडा आम्हाला कासने दिला. साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे 1200 मीटर उंचीवरचे हे पठार. जांभ्याचा कातळ, त्यावर वीत-दोन वीत माती, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात तिथे तेरडा, सीतेची आसवे, वायतुरा, कवला असे एकामागून एक ताटवे उठतात. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 850 जाती इथे नोंदल्या आहेत. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेले. मग गर्दी झाली, गाड्या झाल्या, फुलांवर लोळून फोटो काढणारे झाले, आणि पठाराभोवती तारेचे कुंपण आले. गर्दी आवरणे गरजेचे होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण तारेने पर्यटकाला अडवले तसे गुरांनाही अडवले. गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्या पठारावर चरत होती. ती उंच गवत खात, खुरांनी जमीन तुडवत, शेण टाकत. चराई थांबल्यावर गवत माजते आणि बोटभर उंचीची फुले त्याखाली गुदमरतात. अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी हे बोलून दाखवले, आणि पुढे ते कुंपण काढले गेले. चूक मान्य करून तार गुंडाळणारे सरकारी खाते रोज पाहायला मिळत नाही, म्हणून याची मुद्दाम नोंद. आता कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा गावांच्या समित्या हंगामाच्या व्यवस्थेत असतात.

झाड लावणाऱ्याच्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी ते त्याच्या नावे सदका म्हणून जमा होते, अशा आशयाची हदीस आपल्या घरोघरी सांगतात. त्यात जनावर आहे, हे आम्ही इतकी वर्षे ऐकूनही ऐकले नव्हते. कासच्या कुंपणाने ते ऐकवले.

सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर ही निराळी गोष्ट. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यास घेऊन झाडे वाढवली, प्राणी आणून सोडले, आणि 1985 मध्ये 10.87 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. तिथे कुंपण लागते, कारण हरणे शेतात उतरतात. कातळावर जे चूक ते डोंगरावर बरोबर असू शकते. म्हणूनच एका गावचा आराखडा दुसऱ्या गावी चालत नाही.

मग कृष्णाकाठच्या एखाद्या जुन्या बागेचा आराखडा आमच्याकडे आलाच, तर आम्ही काय म्हणू? पहिले, सांगलीत आयर्विन पुलाखाली ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते, ती रेघ आधी नकाशावर ओढा. त्या रेघेखाली परदेशी झुडपे आणि फरशा नकोत, वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ लावा. पाण्यात पाय ठेवून उभे राहायची त्यांना सवय आहे. जुन्या आंब्यांच्या बुंध्याला टेकलेले पेव्हर ब्लॉक काढा, मुळांना श्वास हवा. बांडगूळ छाटा, भिरूड लागलेली खोडे तपासा. मेलेल्या झाडाच्या जागी दिसेल ते रोप आणू नका. जी रायवळ झाडे अजून जिवंत आहेत त्यांच्या फांद्या आणा, कोय कलमे बांधा, आणि कोणते झाड शेप्या आणि कोणते खोबऱ्या हे विचारायला मंडईत या. हे सांगू शकणारी माणसे आमच्यात आता फार उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती पहाटे चारला लिलावाला जातात. सभा दुपारी ठेवली तर येतील.

आमच्याही बाजूने एक काम राहिले आहे. दरवर्षी मोहोराच्या दिवसांत जमातीच्या बैठका होतात, लग्ने ठरतात, देणी-घेणी होतात. त्यातल्याच एखाद्या दुपारी म्हाताऱ्यांना बसवून झाडांची नावे वहीत उतरवून घ्यायची. नावापुढे गाव, चव, कोणत्या महिन्यात पाडाला लागतो, आणि झाड आज उभे आहे की नाही.