नांगराची निशाणी ते 'आय अ‍ॅग्री'

परवा कोपरीतून स्टेशनला चालता चालता एक अ‍ॅप टाकलं. अटींचं लांबलचक पान आलं, बोट सरकवलं, 'आय अ‍ॅग्री' दाबलं, झालं. रात्री ते पान उघडून वाचलं तेव्हा कळलं, कंपनीशी वाद झाला तर मी कोर्टात न जाता लवादाकडे जायचं, आणि 'सीट' बेंगळुरू. हे मी मान्य करून बसलोय!

म्हणून आज सुप्याची गोष्ट. पुणे जिल्ह्यातलं सुपे, १२ मे १८७५. बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. लूट झाली, आग लागली, पण लोकांना मुख्यतः हवे होते कागद. वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले की जाळायचे. लोण नगर जिल्ह्यातही पसरलं, आणि जिथे सावकारांनी कागद मुकाट्याने दिले तिथे बहुतेक वेळा मारहाण झाली नाही.

कागदावरच एवढा राग का? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचा भाव कोसळला, त्यात सारा वाढला. कर्ज तर होतंच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. कायदा ऋणकोच्या भल्यासाठी, पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात जाई. शेतकऱ्याला वाचता येत नसे. तो नांगराची निशाणी करून मोकळा. कोर्ट विचारी, निशाणी तुझीच ना? संपलं. (आपली 'अपडेटेड टर्म्स'ची नोटिफिकेशन आठवली ना? मला आठवली.)

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यांनाच. आपलं ठाणं सुरुवातीला त्यात नव्हतं. मला त्यातल्या दोन गोष्टी भारी वाटतात. एक, न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा. दोन, शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहायचा, मजकूर त्याला समजावून. म्हणजे नुसती सही पुरेशी नाही, सही करणाऱ्याला काय कळलं हेही बघायचं.

यातलं थोडंसं आता परत येतंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, तुमची माहिती वापरायला संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्यात आहे. मागा!

पण हे फक्त डेटाच्या संमतीपुरतं. लवादाची अट त्यात येत नाही, ती अजून इंग्रजीतच. आणि 'सीट' म्हणजे खुर्ची नाही बरं का, त्या लवादावर कुठल्या शहरातल्या कोर्टाची देखरेख हे त्यातून ठरतं. एवढं कळायला माझा अर्धा तास गेला.