हरकत, ना-हरकत आणि आमची बावखले

मंडळी, मराठी शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची खोड काही जात नाही. सध्या ‘हरकत’ हा शब्द घेऊन बसले आहे. हा मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. तिकडे त्याचा अर्थ हालचाल. गवई गाता गाता मध्येच एक छोटीशी जागा घेतो, तिलाही आपण हरकत म्हणतो, तिथे तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. पण सरकारी दप्तरात शिरल्यावर हरकत म्हणजे अडकाठी झाली आणि तिच्या पोटी ‘ना-हरकत दाखला’ जन्माला आला! वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावांचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास या दोन शब्दांत मावतो.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रेल्वेलाइन आणि समुद्र यांच्यामध्ये वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत एक चिंचोळी पट्टी आहे. भुईगाव, गास, वाघोली, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही सगळी त्यातलीच गावे. १५३४ मध्ये इथे पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, मग इंग्रज आले. राज्ये बदलली, पण बागायत बदलली नाही. केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला. पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या दादरला जायच्या. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी तर तुम्ही खाल्ली असतीलच.

समुद्राच्या इतक्या जवळ गोड्या पाण्याची बागायत कशी काय टिकली? याचे उत्तर ‘बावखल’ या शब्दात आहे. हा शब्द शब्दकोशात शोधत बसू नका, आमच्याकडे येऊन बघा. बावखल म्हणजे वाडीत खणलेले छोटे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी जिवंत ठेवते. पूर्वी विहिरींवर रहाट असत. रहाट बैलाच्या चालीने चाले, त्यामुळे जमीन देईल तेवढेच पाणी निघे.

यामागचे विज्ञान आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला एकदा फळ्यावर काढून दाखवले होते. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो. म्हणजे वरची पातळी एक फूट उतरली की खालचे चाळीस फूट जाण्याच्या वाटेला लागतात. बी.ए. मराठीवालीलाही समजेल असा हा हिशेब आहे, पण इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांना तो समजलेला दिसत नाही.

विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ मध्ये आली. तरीही पुढे कित्येक वर्षे हा भाग मुंबईचा भाजीमळाच राहिला. मग मुंबईतली घरे परवडेनाशी झाली, १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटला आणि माणसे नालासोपारा-विरारकडे सरकू लागली. इमारती उठल्या, पण नळाला पाणी नव्हते. ते आले आमच्या विहिरींतून! शेतात बोअर मारून, पंप लावून टँकर भरले जाऊ लागले. रात्रंदिवस टँकरची ये-जा सुरू झाली. केळीची पाने कडेने करपू लागली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी विहिरीचे पाणी तोंडात घेऊन सांगितले, “मचूळ लागतंय.”

त्यातच १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथला हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचे शासनाने ठरवले आणि १९९० मध्ये सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचे काम गेले. त्या वेळी गावांनी जी हरकत घेतली ती शब्दाच्या मूळ अर्थाने, म्हणजे हालचाल करून. ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. हेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. उघड बोलायला माणसे धजत नसत त्या काळात हे धर्मगुरू रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यामागे ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी असे सगळे होते. विहिरीतल्या खाऱ्या पाण्याने कोणाची जात विचारली नव्हती ना!

आता माझ्या नातेवाइकांचा प्रश्न. तुमच्यापैकी निम्मे नालासोपाऱ्यात आणि विरारात राहता. “मावशी, आम्ही मग कुठे राहायचं?” असे एका भाच्याने मला तोंडावर विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. दहा बाय बाराच्या खोलीतून निघून स्वतःच्या दोन खोल्या घेण्यात काय सुख असते ते मी जाणते. आणि जमिनी विकल्या त्या आमच्याच माणसांनी. शेतीत उरत नव्हते, मुलांना बागेत उतरायचे नव्हते. त्यांना दोष देऊन मला सुटका करून घ्यायची नाही. पण गावाची हरकत माणसांच्या येण्याला नव्हती. पाण्याची सोय न करता घरे बांधायची, ती विकून मोकळे व्हायचे आणि पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून ओढायचे, याला होती. त्यात फसला तो घर घेणाराही. टँकरच्या रांगेत उभे राहिलात ते तुम्हीच.

त्यानंतरची गोष्ट कागदांची आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांना ती नको होती. मोठे आंदोलन झाले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने काढला, तो न्यायालयात अडकला आणि २०२४ मध्ये शासनानेच तो मागे घेतला. पुन्हा हरकती-सूचना मागवल्या. या सगळ्यात एक मोठी गोष्ट निसटली आणि तिची चर्चा फारशी झालेली मी ऐकली नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेत आमच्या शेजारच्या आजी उभ्या राहून “त्या वाडीत बावखल आहे, तिथे भराव घालू नका” असे सरपंचांना सुनवायच्या. महापालिकेत आजींना उभे राहायला जागा नाही. तिथे मुदतीत अर्ज करायचा, पोच घ्यायची आणि वाट बघत बसायचे. हालचालीची हरकत अर्जातली हरकत झाली.

भराव घातला की काय होते ते जुलै २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिले. वसई-विरार पाण्याखाली गेले, गाड्या बंद, वीज बंद. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. एवढ्या वस्तीचे पावसाचे पाणी जाणार कुठे? जिथे मुरायचे तिथे आता पार्किंग आहे.

मी या वयात मोर्चाला जाऊ शकत नाही. पण यादी करू शकते! आमच्या गावातल्या बावखलांची यादी मी वहीत करायला घेतली आहे. प्रत्येक बावखल कोणाच्या वाडीत, अजून पाणी धरते की बुजले, बुजले तर त्यावर आज काय उभे आहे, एवढेच टिपते. जुन्या माणसांना विचारले की ती हाताने दिशा दाखवतात, नाव सांगतात, आणि मग बराच वेळ बोलत राहतात. हरकतीच्या अर्जाला अशी यादी जोडलेली असली, तर तो अर्ज बाजूला सारणे थोडे तरी कठीण जाईल.

तेव्हा गावाकडच्या मंडळींना विनंती, तुमच्या वाडीतले, शेजारचे, आजोळचे बावखल आठवत असेल तर मला कळवा. विरारकरांनीही कळवा. तुमच्या इमारतीच्या जागी आधी काय होते ते एखाद्या जुन्या गावकऱ्याला विचारून बघा. काही हरकत नाही ना?