हेलियमची साक्ष

सिद्धान्त आणि प्रयोग यांचा विरोध आला असतां माघार सिद्धान्तानें घ्यावी, असा विज्ञानाचा शिरस्ता आहे. परंतु चूक प्रयोगाचीच असली तर? १९५७ सालीं हा प्रश्न जॉर्ज सुदर्शन या सव्वीस वर्षांच्या भारतीय तरुणापुढें उभा राहिला.

सुदर्शन मूळचे केरळचे. १९५२ ते १९५५ पर्यंत ते मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. ही संस्था त्या काळीं अपोलो बंदराजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतींत होती. पुढें ते अमेरिकेंत रॉचेस्टर येथें रॉबर्ट मार्शक यांचे शिष्य झाले.

अणुगर्भांतून इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो ज्या क्षीण बलामुळें बाहेर पडतात, त्याचीं पांच रूपें संभवत होतीं. सुदर्शन-मार्शक यांनीं त्यांपैकीं दोनच, सदिश व अक्षीय सदिश, खरीं ठरविलीं. हेलियम-६ वरील १९५३ चा प्रयोग मात्र प्रदिश रूपाच्या बाजूनें होता. त्यासह चार प्रयोग पुन्हां करावे, असें या गुरुशिष्यांनीं स्पष्ट सांगितलें. ते पुन्हां झाले, आणि चारही वेळां सिद्धान्तच टिकला. तथापि, फाइनमन व गेल-मान यांचा त्याच विचाराचा निबंध १९५८ च्या आरंभीं आधीं छापला गेला व कीर्तीचा मोठा वाटा त्यांजकडे गेला.

न्यूट्रिनो सहसा हातीं लागत नाहीं. परंतु गोळी सुटतांच बंदूक मागें सरते, तसा अणुगर्भहि मागें सरतो. त्या धक्क्यावरून न्यूट्रिनोची दिशा काढतां येते. धक्का अतिशय अल्प असल्यामुळें अणु कशासहि न टेकतां जवळजवळ स्थिर असावा लागतो. ही सोय वोल्फगांग पॉल यांच्या आयन-सापळ्यानें झाली. यांत बदलत्या विद्युत्क्षेत्राच्या योगें विद्युद्भारित अणु निर्वातांत अधांतरी धरून ठेवितात. पॉल यांस १९८९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

फ्रान्समधील कां येथें हेलियम-६ चा किरणोत्सर्गी झोत अशा सापळ्यांत सोडण्यांत आला. या हेलियमचा निम्मा सांठा सुमारें ०·८ सेकंदांत नाहींसा होतो. अक्षीय सदिश रूप खरें असेल तर दिशासंबंधाचा अंक उणें ०·३३३३ यावा. प्रदिश असेल तर तोच अधिक यावा. २०११ सालीं प्रसिद्ध झालेला अंक उणें ०·३३३५ होता. त्यांतील अनिश्चितता शेंकडा तीनच्या आसपास होती.

असे प्रयोग अद्यापि चालूच आहेत. कारण हा अंक यत्किंचित् जरी ढळला, तरी त्यामागें एखादें अज्ञात बल असूं शकेल. सुदर्शन २०१८ सालीं निवर्तले. प्रयोग पुन्हां करून पाहा, या त्यांच्या आग्रहास शास्त्रज्ञ आजहि अधिकाधिक सूक्ष्म मापनानें मान देत आहेत.