प्रश्न कोणी काढायचा?

संगणकावर एक प्रोग्रॅम नव्याने बसवावा आणि कालपर्यंत नीट चालणारा दुसराच प्रोग्रॅम बंद पडावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. कारण प्रोग्रॅम एकेकटे नसतात. चित्र उघडणे, फाइल दाबून लहान करणे यांसारखी सामाईक कामे ‘लायब्ररी’ करते आणि शेकडो प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून असतात. ती बदलली, की त्या सर्वांना धक्का बसू शकतो. मग तपासायचे किती आणि कोणी?

डेबियनच्या इतिहासात याचे उत्तर टप्प्याटप्प्याने घडताना दिसते. लिनक्सच्या गाभ्याभोवती उपयोगी प्रोग्रॅम जमवून केलेल्या संचाला ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात, आणि त्यातील सुट्या बांधणीला ‘पॅकेज’. इयन मरडॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केले. १९९६ च्या १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ती ६४ हजारांवर गेली. जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी इतकी पॅकेजे हाताने तपासणे अशक्यच.

१९९८ मध्ये ‘लिंटियन’ आले. पॅकेज न चालवता, त्याची मांडणी नियमांप्रमाणे आहे का, एवढेच ते पाही. २००० साली ‘अनस्टेबल’ आणि ‘स्टेबल’ यांच्यामध्ये ‘टेस्टिंग’ ही पायरी आली. ठरावीक दिवस गंभीर दोष न आढळलेले पॅकेजच वर चढू लागले, आणि हा निर्णय एक प्रोग्रॅम घेऊ लागला. २००५ मधील ‘पिउपार्ट्‌स’ पॅकेज बसवून, काढून टाकून, मागे काही कचरा उरला का ते पाहू लागला. पुढे पॅकेजांसोबतच त्यांच्या चाचण्या लिहिण्याची पद्धत रुळली. २०१४ पासून यंत्रे त्या सतत चालवू लागली. २०१८ पासून वर चढण्याच्या निर्णयात हे निकालही धरले जाऊ लागले. आता लायब्ररी बदलली, की तिच्यावर विसंबलेल्या पॅकेजांच्या चाचण्याही चालतात.

एवढे झाल्यावर निश्चिंत व्हावे का? ‘ओपन-एसएसएल’ची हकीकत पाहू. हे पॅकेज गुप्त संदेशांसाठी किल्ल्या बनवते. त्या कोणाला ओळखता येऊ नयेत म्हणून यादृच्छिक संख्या वापरतात. तपासणीचे एक साधन इथल्या दोन ओळींबद्दल इशारा देत असे. तो थांबावा म्हणून २००६ साली डेबियनमध्ये त्या ओळी वगळल्या गेल्या. पण यादृच्छिकता आत येण्याची वाटच त्यांतून होती! उरला फक्त चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, आणि तो साधारणपणे ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच. चोराने त्या सगळ्या आधीच बनवून ठेवाव्यात. लुसियानो बेल्लो यांनी शोधलेली ही चूक मे २००८ मध्ये जाहीर झाली. मधल्या काळातील किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

दोन वर्षे हे का कळले नाही? एकेक किल्ली तपासली तर ती निर्दोषच होती. मात्र एकाच संगणकावर प्रोग्रॅम दर वेळी नव्याने सुरू करून एकाच प्रकारच्या ४० हजार किल्ल्या बनवल्या असत्या, तर काही किल्ल्या पुन्हा आल्याच असत्या. ३२ हजार खुराड्यांत ४० हजार कबुतरे कोंबली, तर कुठेतरी दोन येणारच. ही चाचणी यंत्राला सहज जमली असती. ती कोणाला सुचली नव्हती.

यंत्र न कंटाळता हजारो उत्तरपत्रिका तपासते. प्रश्नपत्रिका मात्र आपल्यालाच काढावी लागते, आणि न विचारलेल्या प्रश्नात कोणी नापास होत नाही, हे आपण शिक्षक चांगलेच जाणतो.