भय आणि भरवसा

नवी वस्तू विकावयास निघालेल्या माणसाची पहिली गाठ ग्राहकाच्या पैशाशी पडत नाही. ती त्याच्या भयाशी पडते. या भयाचे तो काय करतो, यावरून विक्रेत्याची पारख होते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतले दोन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग एलिशा ओटिसचा. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावी पलंगांच्या कारखान्यात तो यंत्रे सांभाळीत असे. माल वर चढविणारे पाळणे त्या काळी होते; परंतु दोर तुटला की पाळणा खाली कोसळे. १८५२ साली ओटिसने यावर तोड काढली. पाळण्याच्या माथ्यावर त्याने घोडागाडीची पोलादी कमान बसविली व दोर तिला जोडला. दोर ताणलेला असेपर्यंत कमान वाकलेली राही. तो तुटताच ती सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. पाळणा जागच्या जागी थांबे.

युक्ती चोख होती, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ओटिस स्वतः उघड्या पाळण्यावर चढला, तो उंच नेवविला आणि सर्वांच्या देखत दोर तोडविला. पाळणा किंचित घसरला व थांबला.

‘दोर सहसा तुटत नाही’ असे त्याने सांगितले असते, तर लोकांच्या कानांत ‘तुटतो’ एवढाच शब्द राहिला असता. मनातील भय नाकारल्याने जात नाही. दडपले म्हणजे ते अधिकच बळावते. ओटिसने ते भय चारचौघांत उभे केले, खरे होऊ दिले आणि निष्फळ ठरविले. शिवाय धोक्यात घातला तो स्वतःचा जीव. १८५७ साली न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात त्याचा माणसांसाठीचा पाळणा चालू झाला. वॉल्टर डिल स्कॉट या प्राध्यापकाने जाहिरातीला मानसशास्त्राचे नियम लावून दाखविणारे पुस्तक प्रसिद्ध केले ते १९०३ साली. ओटिसला त्यातले मर्म अर्ध्या शतकाआधीच उमगले होते.

दुसऱ्या प्रसंगातही विक्रीचे साधन भयच होते. एडिसनची वीज एकदिश प्रवाहाची; ती केंद्रापासून सुमारे मैलभरच पोचे. वेस्टिंगहाउसची प्रत्यावर्ती वीज उच्च दाबाने दूरवर नेऊन घराजवळ दाब उतरवून देता येई. ही स्पर्धा ऐन भरात असता १८८८ च्या जुलैत हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या विद्युत्‌तज्ज्ञाने कोलंबिया कॉलेजात जमलेल्या लोकांसमोर प्रत्यावर्ती विजेने एक कुत्रा मारून दाखविला. यासाठी एडिसनच्या प्रयोगशाळेची मदत त्याला मिळाली होती. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड झाला, तोही वेस्टिंगहाउसच्याच जनित्रावर.

ब्राउनने दाखविले ते खोटे नव्हते. उच्च दाबाची वीज प्राण घेतेच. पण ते अर्धेच सत्य होते. घरात येणारा दाब उतरविलेला असतो, ही गोष्ट प्रेक्षकाच्या नजरेआड राहिली. आपण निःपक्षपाती आहोत, असे ब्राउन सांगत असे. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने त्याची पत्रे छापली आणि एडिसनच्या कंपनीशी असलेले त्याचे संधान उघडे पडले. १८९३ चे शिकागोचे विश्वप्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या विजेने उजळले आणि १८९६ च्या नोव्हेंबरात नायगाऱ्याची प्रत्यावर्ती वीज बफेलो शहरात पोचली.

दोघेही मनाचे जाणकार होते. दोघांनीही शब्दांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला. परंतु ओटिसने ग्राहकाला भयातून बाहेर काढले. ब्राउनने त्याला भयात कोंडले. दोर कापणारा स्वतः पाळण्यात उभा आहे की नाही, एवढे ग्राहकाने पाहिले, तरी पुष्कळसा निवाडा तिथेच होतो.