पाय नसलेले सांगाडे : प्राचीन अस्थींतील विकृतींचा अभ्यास

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या परिश्रमातून इ. स. पू. १६०० ते ७०० मधील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने निघाली. लहान मुले तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली होती. प्रौढांचे सांगाडे उताणे, दक्षिणोत्तर होते आणि बहुतेकांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते.

ही विकृती रोगाची की शिक्षेची? जिवंतपणी हाड तुटले तर ते भरून येऊ लागते, कडा गोलसर होतात. शिवाय एकच व्यंग इतक्यांना कसे असेल? हा मृत्यूनंतरचा विधी होता. मृताने परत भटकू नये म्हणून पाय तोडले, असे सांगितले जाते. तो तर्कच आहे. एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला. त्याचे पाय शाबूत होते.

पूर्वी अभ्यासक कवट्या मोजून वंश ठरवीत. त्यातून माणूस कसा जगला हे कळत नसे. जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या अस्थी व दात तपासले. दातांवरील आडव्या रेघांचे मोल यात फार आहे. बालपणी उपासमार किंवा आजार झाला की दाताच्या आवरणाची वाढ खुंटते आणि ती खूण पुढे कधी भरून येत नाही. मडक्यातले मूल आपल्या आजाराची नोंद अशी ठेवून गेले.

राजस्थानात उदयपूरजवळील बालाथल येथेही डेक्कन कॉलेजने उत्खनन केले होते. तेथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या नाकाच्या व टाळूच्या हाडांची झीज महारोगाची असल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये ग्वेन रॉबिन्स व सहकाऱ्यांनी मांडला. महारोगाची खूण हाडावर उमटायला वर्षे लागतात. म्हणजे हा माणूस रोगासह दीर्घकाळ जगला. त्याला दगडी कोटाच्या आत, शेणाच्या राखेत पुरलेले होते. त्याला वस्तीबाहेर टाकून दिले नव्हते, एवढे तरी त्या जागेवरून म्हणता येते.