झेंड्याआधीची पट्टी

चंद्रावरच्या झेंड्याचा फोटो आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत टांगलेला असे. ‘याच्या आधी तिथं काय रोवलं होतं?’ असं मी बीएस्सीच्या पोरांना हटकून विचारायचो. उत्तर सहसा यायचं नाही. झेंड्याआधी उभी राहिली ती अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी, ३० सेंटिमीटर रुंद, १४० लांब. आणि तीही स्विस!

कल्पना बर्न विद्यापीठाच्या योहानेस गाइस यांची. सूर्यातून सेकंदाला चारेकशे किलोमीटर वेगानं सुटणाऱ्या कणांना, म्हणजे सौरवाऱ्याला, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र बाहेरच थोपवतं. चंद्राला ना हवा, ना तसलं कवच. तिथं कण थेट पत्र्यात रुततात. पट्टी उलगडून सूर्यासमोर धरायची आणि गुंडाळून परत आणायची, बस्स. वीज नाही, तारा नाहीत. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या आल्ड्रिन यांनी उभारलेली पट्टी ७७ मिनिटं उन्हात राहिली. बर्नमध्ये तिच्यावरची धूळ काढून, तुकडे निर्वातात वितळवून हेलियम, निऑन मोजले. पाच अपोलो मोहिमांत हा प्रयोग झाला. १९७२ ची, अपोलो १६ ची पट्टी ४५ तास उन्हात होती.

माझ्या लेखी खरं घबाड त्यातल्या हेलियम-३ चं. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत बनलेलं ड्युटेरियम कोवळ्या सूर्यात जळून हेलियम-३ झालं. त्यामुळे पत्र्यातल्या हेलियमवरून मूळ ड्युटेरियमचा अंदाज बांधता आला, आणि त्यावरून विश्वात साधं द्रव्य किती याचाही.

अपोलो १७ नं जमिनीखाली पाहिलं. वैश्विक किरण आदळून मातीत न्यूट्रॉन सुटतात. ते टिपायला दोन मीटरची कांडी भोकात सोडली. आत बोरॉन, युरेनियम आणि ठसे धरणारं प्लास्टिक व अभ्रक. पण बाकीच्या उपकरणांना वीज देणारं प्लुटोनियमही न्यूट्रॉन सोडत होतं, म्हणून भोक मोठ्या दगडाच्या आडोशाला घेतलं. प्रात्यक्षिकात असल्या खबरदारीला मी दोन गुण जास्त देत असे.

कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, देवेंद्र लाल यांच्या गटाकडे अपोलोचे नमुने आले. इथं तर दगडच उपकरण. अवकाशातून आलेल्या लोखंडासारख्या जड अणुकेंद्रकांनी लाखो वर्षं स्फटिकांत रेघा कोरल्या होत्या. रसायनात ठेवलं की त्या रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. लाल यांच्या हाताखाली तयार झालेले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चंद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. सौरवाऱ्यातले प्रोटॉन चंद्राच्या मातीत जवळपास सगळे मुरतात, अशी तोवर समजूत होती. भारत, स्वीडन, जपान आणि बर्नवाल्यांनी मिळून त्या यानावर बसवलेल्या ‘सारा’ या उपकरणानं दाखवलं, की त्यांतले वीस टक्क्यांपर्यंत उदासीन हायड्रोजन होऊन उलटे अवकाशात उडतात.